निवारा केंद्रात नवीन आलात? आधी कामांच्या पाळीचा फळा वाचा

बेघर माणसांसाठी चोवीस तास उघडी असलेली एक जागा शहरात असते, हेच आपल्याकडे किनाऱ्यावर बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्यांना कळतं त्यातले काही मनापासून मदत करायला येतात, पण आत आल्यावर नक्की करायचं काय ते समजत नाही, मग दोन-चार फेऱ्या होतात, कुणाचा तरी वाढदिवस तिथे साजरा होतो आणि येणं बंद. हे लिहितेय ते अशाच नवीन लोकांसाठी. स्वयंसेवक असाल, संस्थेने नुकतंच काळजीवाहक म्हणून घेतलं असेल, कॉलेजच्या एनएसएसमधून आला असाल, सगळ्यांना उपयोगी पडेल. मी आमच्या बंदराच्या गावातल्या निवाऱ्यात काम करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

एक गोष्ट आधी सांगून टाकते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. निवाऱ्यातला सगळ्यात मोठा उपक्रम म्हणजे रोजची कामं, आणि ती तिथे राहणाऱ्यांनी आपसात वाटून करायची असतात. ज्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी "हे तू कर रे, तुलाच जमेल" असं म्हटलेलं नाही त्याला ते म्हणणं आणि खरंच त्याच्यावर सोपवून बाजूला होणं, हे आपलं काम. बाकी चित्रकला स्पर्धा, योगा वगैरे नंतर.

थोडी माहिती असू द्या. सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितलं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय होईल एवढा निवारा हवा. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि त्यातून नगरपालिका-नगरपरिषदांनी केंद्रं उभी केली, जागा पालिकेची आणि चालवायला बहुतेक वेळा एखादी संस्था. माणशी निदान ५० चौरस फूट जागा, बायकांची झोपायची वेगळी सोय, पाणी, संडास, स्वयंपाकाची जागा, सामानाला कुलुपाचा कप्पा, हे सगळं त्या योजनेतच धरलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत ९ लाख ३८ हजार बेघर मोजले गेले होते, आणि ज्याने पुलाखाली रात्री मोजणीला माणूस येताना पाहिलाय तो सांगेल की सुटलेले किती असतील.

आपल्याकडे येतात कोण, तर मुंबईला हॉटेलात नाहीतर गिरणीत आयुष्य काढून गावी परतलेला आणि घर भावकीच्या भांडणात गेलेला म्हातारा, ट्रॉलरवर हात दुखावला म्हणून कामावरून उतरवलेला खलाशी, आंब्याच्या बागेत राखणीला आलेला आणि सीझन संपल्यावर नेपाळला परत जायला पैसे न उरलेला माणूस, नवऱ्याच्या मारामुळे घर सोडलेली बाई, कोकण रेल्वेतून कुठल्यातरी स्टेशनला उतरलेला आणि आपण कुठून निघालो तेच न आठवणारा मुलगा. सगळ्यांची गोष्ट वेगळी, आणि यातली कुठलीही गोष्ट पहिल्या दिवशी तुम्हाला कळायची गरज नाही.

पहिलं काम : वेळ विचारून या

केंद्राला स्वतःचं एक घड्याळ असतं आणि ते बंदरावर चालतं. जे जेटीवर कामाला जातात ते पहाटे तीन-चारला उठून निघतात, बोटी लागतात, मासळी उतरते, लिलाव होतो, मग दुपारी परत येऊन जेवून झोपतात. आता तुम्ही दुपारी दोनला माइक लावून व्यक्तिमत्त्व विकास घ्यायला आलात तर दमलेली माणसं उठवायची कुणी? नाक्यावर उभे राहणारे सकाळी आठला जातात आणि काम मिळालं नाही तर दहापर्यंत तोंड उतरवून परत येतात. वय झालेले आणि आजारी मात्र दिवसभर आतच, त्यांना सकाळी अकराची वेळ सगळ्यात लांब वाटते. म्हणून आमच्याकडे दोन वेळा ठरल्यात, म्हाताऱ्या माणसांसाठी सकाळी साडेदहा-अकरा आणि सगळ्यांसाठी संध्याकाळी चहानंतर. तुमच्या केंद्रात वेगळं असेल, काळजीवाहकाला फोन करून विचारा. आणि जे ठरवाल ते पाळा. महिन्यातून एकदा का होईना पण सांगितलेल्या दिवशी आलात तर लोक वाट बघतात, रोज येतो म्हणून सांगून गायब झालात तर आधीच किती जणांनी असं केलेलं असतं त्यात आणखी एक नाव.

दुसरं : सुरुवातीला फक्त बसा

सुरुवातीच्या दिवसांत काहीही घडवून आणायला जाऊ नका. चटईवर बसा, खुर्चीवर नको, समोरचा खाली आणि तुम्ही वर असं बोलणं होत नाही. "घर का सोडलं", "मुलं बघत नाहीत का" हे प्रश्न तोंडातून काढायचे नाहीत, त्याऐवजी चहा झाला का, आज बाजारात बांगडा काय भावाने होता, पाऊस कधी लागेल, असं काहीही चालेल. कोकणातला माणूस पावसावर आणि माशावर अर्धा तास सहज बोलतो आणि बोलता बोलता स्वतःचं गाव सांगून टाकतो.

नावं पाठ करा. कुणाला काका म्हटलेलं आवडतं, कुणाला नावाने आणि पुढे भाऊ लावून, एखादी मावशी "मला आजी म्हणू नको गो" असं स्पष्ट सांगते, तर विचारून घ्या आणि तसंच म्हणा. वयाने मोठ्या माणसाला अरे-तुरे करायचं नाही, मग तो कसाही दिसत असो. आणि "लाभार्थी" हे सरकारी कागदावर ठीक आहे, हाक मारायला नाही.

सामानाला हात लावायचा नाही हे तर शंभर वेळा सांगितलं पाहिजे. कोपऱ्यात एक मळकी प्लास्टिकची पिशवी दिसते, गाठीवर गाठ मारलेली, आपल्याला वाटतं कचरा. त्यात बायकोचा फोटो असतो, भिजून चिकटलेलं पासबुक असतं, गावच्या देवळातला अंगारा असतो. साफसफाईच्या उत्साहात अशी पिशवी बाहेर गेली की त्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास संपला, आणि तो परत मिळवायला कुठलंही वर्कशॉप उपयोगी पडत नाही. धुवायला टाकायचं असेल तर त्यालाच विचारा, त्याच्याच हाताने टाकू द्या.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं : पाळीचा फळा

आत शिरल्यावर उजव्या हाताला भिंतीवर आमच्याकडे एक काळा फळा आहे. त्यावर डावीकडे कामं आणि उजवीकडे नावं : झाडू, पाणी, भाजी निवडणं, भांडी, संडास-न्हाणीघर, रात्रीचं कुलूप. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक कामापुढे चित्र काढलंय, हंडा, खराटा, चावी. पाळी आठवड्याने बदलते. नवीन आला असाल तर पहिल्यांदा हा फळा वाचा, घर कसं चाललंय ते पाच मिनिटांत कळतं, कुणाचं नाव सारखं पुसलं जातंय आणि कुणाचं तीनदा लिहिलंय तेसुद्धा. तुमच्या केंद्रात असा फळा नसेल तर तुमचा पहिला उपक्रम हाच समजा.

फळा करताना काही गोष्टी बघा. संडासाची पाळी सगळ्यांना, आणि त्यात कर्मचाऱ्यांचं आणि स्वयंसेवकांचं नाव पहिलं. हे एक केलंत की बाकी भांडणं निम्मी होतात, कारण निवाऱ्यात येईपर्यंत त्या माणसांच्या वाट्याला सगळीकडे तेच काम आलेलं असतं आणि कोण कुठल्या जातीचा यावरून ते कुणाला द्यायचं हा विचार आपल्या लोकांच्या डोक्यात अजूनही असतो, तो दारातच थांबवायचा. गुडघे गेलेल्या मावशीला झाडू देऊ नका पण म्हणून तिचं नाव गाळू पण नका, तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, चहाचे पेले मोजून ठेवणं यातलं एक तिचं. जो दिवसभर गप्प बसून भिंतीकडे बघतो त्याला दुसऱ्या एकासोबत जोडीने पाळी लावा, एकट्याने नको.

पाणी हे काम जरा खमक्या माणसाकडे द्या. पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस धो-धो पडून गेलेला असतो आणि एप्रिल-मे मध्ये नळाला मात्र दिवसाआड पाणी, टँकरवर दिवस काढायचे, त्यात एखादा दोन बादल्या जास्त वापरतो आणि राडा होतो. आमच्याकडे हे काम एका जुन्या तांडेलाकडे आहे, आयुष्यभर बोटीवर मोजून पाणी वापरलेला माणूस, त्याच्यापुढे कुणी बोलत नाही.

आणि एखाद्याने पाळी चुकवली तर? तुम्ही गुपचूप त्याची भांडी घासून टाकू नका. मोह होतो, आपल्याला वाटतं बिचारा दमला असेल. पण तसं केलंत की तुम्ही त्याला पाहुणा करून टाकता, आणि पाहुण्याचं घरात काही चालत नाही. त्याला विचारा, बरं नसेल तर दुसऱ्याशी अदलाबदल करायला सांगा, अदलाबदल त्यानेच जाऊन मागायची.

चौथं : रविवारची बैठक

रविवारी संध्याकाळी चहानंतर सगळे बसतात. बैठक चालवतो राहणाऱ्यांपैकीच कोणीतरी, दर वेळी दुसरा, आणि वहीत लिहितो ज्याला लिहिता येतं तो. विषय मोठे नसतात. पंखा कोणाच्या बाजूला, टीव्हीवर बातम्या का सिरियल, मोबाईल लाऊडस्पीकरवर ठेवून गाणी कोण लावतं, चार्जिंगचा बोर्ड एक आणि फोन पंधरा, घोरणाऱ्याला कुठल्या कोपऱ्यात झोपवायचं. नवीन माणसाला वाटतं हे काय किरकोळ, पण चाळीस माणसं एका छपराखाली राहतात तेव्हा चार्जिंगचा बोर्ड म्हणजे पोराबाळांचा येणारा फोन असतो, तो बंद राहिला तर माणूस रात्रभर झोपत नाही.

तुमचं काम तिथे ऐकायचं. उत्तर माहीत असलं तरी थांबा, कुणीतरी बोलतंच. नियम बैठकीतच करायचा आणि बैठकीतच मोडायचा, ऑफिसात बसून कागद चिकटवायचा नाही. बायकांची बैठक वेगळी आणि ती ताईंनीच घ्यायची, न्हाणीघराची कडी, पॅड, रात्री कोण दारावर येऊन उभं राहतं, असल्या गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत आणि निघाव्यात अशी अपेक्षाही करू नये.

पाचवं : कोणाला काय येतं ते शोधा, मग उपक्रम

आता कुठे उपक्रम. लोक येतात ते बाहेरून काहीतरी घेऊन येतात, कागदी फुलं, मेणबत्त्या, राख्या. वाईट नाही. पण निवाऱ्यातल्या माणसांच्या हातात आधीच इतकं काही असतं की ते बघितलं तर बाहेरून काही आणायला लागत नाही.

आमच्याकडे खराटे होतात. आवारात दोन माड आणि शेजारच्या वाडीतून पडलेल्या झावळ्या फुकट मिळतात. सुरू कसं झालं तर एक काका कोयता मागायला लागले, कोणी देईना, कारण निवाऱ्यात कोयता कशाला. शेवटी बैठकीत ठरलं की कोयता काळजीवाहकाकडे राहील आणि काम झालं की परत. मग काकांनी झावळी मांडीवर आडवी घेतली, एक एक पात टोकाकडून धरून कोयत्याने दोन्ही बाजूंनी खरवडली, मधला हीर मोकळा झाला, हिरवट, लवचीक, तो बाजूला ठेवला, परत पुढची पात. हात असा चालत होता की नजर खाली नव्हतीच, बोलणं चालू आणि हीर साठतायत. दोन दिवस उन्हात वाळवले, मग बुंधे जमिनीवर आपटून एकसारखे केले, सुतळीने आवळून बांधले, मध्ये एक खुंटी ठोकली की बांध घट्ट बसतो. जो मुलगा कुणाशी बोलत नव्हता तो तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसला आणि पाती वेगळ्या करायला लागला, कुणी सांगितलं नव्हतं. आता ते खराटे आठवडा बाजाराला जातात. पैसे ज्याने बांधले त्याचे, वहीत लिहून, सहीनिशी किंवा अंगठ्याने. केंद्राच्या खात्यात घालायचे नाहीत, हा मुद्दा पक्का ठेवा.

तसंच जाळ्याचं. बंदरात फाटलेली जाळी दुरुस्तीला माणूस कायम लागतो, जुना खलाशी असेल तर तो दोन पोरांना शिकवू शकतो, सावलीत बसून होणारं काम आहे आणि मजुरी मिळते. काजूच्या सीझनला ओल्या काजूचे गर काढायचं काम बायका घेतात, पण चिकाने हात सोलतात म्हणून हाताला तेल किंवा राख लावल्याशिवाय बसू देऊ नका. परसबागेला मे संपता संपता जमीन करून ठेवा, पहिल्या पावसावर भेंडी, पडवळ, दोडकी, लाल माठ, आणि मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू. शेती केलेला कोणी ना कोणी असतोच, त्याला पुढे करा आणि वाफा कसा करायचा ते त्याच्याकडून शिका.

बिनखर्चाचा आणि सगळ्यात चाललेला उपक्रम म्हणजे पेपर वाचणं. सकाळी एकाने मोठ्याने वाचायचा, बाकी ऐकतात, समुद्राचा इशारा, तालुक्याच्या बातम्या, राशिभविष्य, मग त्यावर चर्चा. यातूनच सही शिकायची इच्छा होते. अक्षरं सगळी शिकवत बसू नका, आधी स्वतःचं नाव. बँकेत अंगठा न लावता सही करून आलेली एक मावशी चार दिवस तेच सांगत होती.

संध्याकाळी भजन असतं, टाळ आहेत, पेटी दुरुस्त करून आणलीय, पखवाज वाजवणारे एक जण आहेत. पण भजन सगळ्यांवर लादायचं नाही. ज्यांना नको त्यांच्यासाठी दुसऱ्या टोकाला कॅरम असतो, ज्याला नमाज पढायचाय त्याच्यासाठी एक स्वच्छ कोपरा, आणि ज्याला काहीच नको त्याला काहीच न करता बसायची मुभा पाहिजे. हे शेवटचं विसरू नका. बेघर माणसाला रस्त्यावर सारखं हटकलेलं असतं, इथे नको बसू, तिथून ऊठ. निवाऱ्यात तरी त्याला बसू दे.

स्वयंपाक

स्वयंपाकघर हे केंद्राचं खरं मध्य. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी, रात्री कुळथाची पिठी नाहीतर डाळ, आठवड्यातून एकदा मासे मिळाले तर मासे, नाहीतर सुकट. जेटीवरून कामाचे पैसे कधी कधी मासळीतच मिळतात, मग त्या दिवशी सगळ्यांना कालवण. बाहेरच्या राज्यातल्यांना किंवा नेपाळी भावांना आपलं खोबऱ्याचं जेवण रोज जात नाही, त्यांना महिन्यातून एखादा दिवस त्यांच्या पद्धतीने करू द्या, इतके खूश होतात आणि आपल्यालाही आवडतं. कर्मचारी आणि स्वयंसेवक तेच आणि तिथेच जेवतील, डबा घेऊन ऑफिसात नाही. अंगाला खरूज, खोकला, जुलाब असेल त्याची स्वयंपाकाची पाळी तेवढ्यापुरती बदला, आणि हे सगळ्यांसमोर न सांगता.

सणांचं जरा सांभाळून

बाहेरच्यांना वाटतं सण म्हणजे निवाऱ्यात आनंद वाटायचा दिवस. प्रत्यक्षात आपल्याकडे गणपतीचे दिवस सगळ्यात जड जातात. गाड्या भरून चाकरमानी येतात, प्रत्येक घरात दिवे, आणि ज्याचं घर पाच-दहा मैलांवर असून तो जाऊ शकत नाही त्याचं काय होत असेल ते बघा. त्या दिवसांत दारू वाढते, भांडणं वाढतात, कोणी न सांगता निघून जातो. म्हणून आदल्या आठवड्यापासून कामं लावा, मखर, सारवण, पताका. दीड दिवसाचा गणपती, आरतीचं ताट पाळीने प्रत्येकाच्या हातात, उकडीचे मोदक ज्या मावशीला येतात तिच्या हाताखाली सगळे. घरी फोन करायचाय त्याला बाजूला नेऊन फोन लावून द्या, उचलला नाही तर त्याच्याजवळ बसा. नारळी पौर्णिमेला खलाशी लोकांसोबत बंदरावर जा. रमजानमध्ये सहरीला कोणाला उठायचं असेल तर रात्रीच्या कुलुपाच्या पाळीवाल्याला सांगून ठेवा. शिमग्याला पालखी बघायला गटाने जायचं आणि गटाने परत यायचं.

पावसाळा : आगोटीची तयारी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारल्या की काम थांबतं, बागा पण संपलेल्या, आणि रस्त्यावर झोपणारा सुद्धा पावसात आत येतो, म्हणजे ज्या दिवसांत काम नाही त्याच दिवसांत केंद्र गच्च. तयारी मे महिन्यात करा आणि राहणाऱ्यांनाच घेऊन करा : पत्रे, पन्हळी, गटार, मच्छरदाण्या शिवणं, कोकमं-सुकट-मीठ-कांदे भरून ठेवणं, आत कपडे वाळवायला दोऱ्या. दोऱ्या दुप्पट बांधा, ओले कपडे अंगावर वाळवले की खरूज आणि सर्दी घरभर फिरते.

लावणीला मजुरीवर जाणाऱ्यांना लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) सांगा. कोकणात हा आजार दर पावसात असतो, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतो. जखम झाकून, जमेल तर गमबूट घालून जायचं, सरकारी दवाखान्यातले लोक प्रतिबंधक गोळ्या देतात त्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे घ्यायच्या, आणि ताप आला, पोटऱ्या आणि अंग भयंकर दुखायला लागलं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या बघू नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांच्या उशाला टॉर्च असावा, आपल्याकडे फुरसं, म्हणजे तो विषारी साप, कमी नाही. चपला झटकून घालायची सवय लावा.

रिकामे दिवस असल्यामुळे कॅरमची स्पर्धा, जाळी, पेपर, कागदपत्रांची कामं हे सगळं जून-जुलैत ठेवा.

कागदांचा दिवस

आठवड्यातून एक दुपार फक्त कागदांसाठी. ज्याचं झालंय त्याने दुसऱ्याला सोबत करायची, हेच यातलं सामूहिक. आधार नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला चालतो. मतदार यादीत बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, फॉर्म ६ मध्ये तो झोपतो ती जागा लिहायची आणि निवडणुकीचा कर्मचारी रात्री येऊन खात्री करतो, त्या रात्री तो माणूस जागेवर असेल एवढं बघा. निराधारांना संजय गांधी योजनेतून महिना १५०० रुपये मिळतात, पासष्टच्या पुढच्यांना श्रावणबाळ, अर्ज तहसीलला, त्याला महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो आणि तिथेच गाडं अडतं, म्हणून गावच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, जुनं रेशनकार्ड काहीही मिळतंय का ते आधी शोधा. मूळ कागद केंद्राने स्वतःकडे ठेवायचे नाहीत. झेरॉक्स आपल्या फायलीत, मूळ त्याच्या कप्प्यात, किल्ली त्याच्या कमरेला.

आजार, दारू, भांडण

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात न्यायचं, तपासणी आणि टीबीचं औषध फुकट आहे, आणि उपचार चालू असताना आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात. खरूज एकाला झाली तर मलम सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यातून काढायचे, नाहीतर ती परत फिरून येते.

पिऊन आलेल्याला रात्री हाकलायचं नाही, दाराजवळच्या वेगळ्या जागेत झोपवा, बोलणं सकाळी. मात्र मारामारीला माफी नाही, तो नियम बैठकीत ठरलेला असावा. आणि एक, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भलतंसलतं दिसणं, फिट येणं असं होऊ शकतं. "सोडली बघा" म्हणून कौतुक करत बसू नका, लगेच दवाखाना.

मनाने हललेला माणूस असेल तर त्याच्याशी हळू, थोडक्यात बोला, गर्दी करू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे भटकणाऱ्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सल्ल्यासाठी १४४१६ हा फुकट नंबर. एकटं मूल आलं तर १०९८, ते मूल मोठ्यांच्या निवाऱ्यात ठेवायचं नाही. म्हाताऱ्यांसाठी १४५६७, बायकांसाठी १८१. हे नंबर फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

देणगीदार आणि फोटो

वाढदिवसाला जेवण द्यायचंय, असा फोन आला की हो म्हणा, पण अटी सांगा. शिजवलेलं आणण्यापेक्षा शिधा आणा, स्वयंपाक आमचे लोक करतील. वाढायला आमची पाळी असते ती वाढेल, तुम्ही पंगतीत बसा. फोटो नाही. यावर पुष्कळ जण नाराज होतात, होऊ देत. ताट पुढे धरून काढलेला फोटो गावात फिरतो, तो त्याच्या बहिणीच्या सासरी पोचतो, आणि मग तो माणूस दुसऱ्या दिवशी केंद्रात नसतो. मारहाणीतून पळून आलेल्या बाईचा तर चेहरा दिसणं म्हणजे सरळ धोका. जुने कपडे देणाऱ्यांना सांगा की धुतलेले, घालण्यासारखे, आणि आतले कपडे फक्त नवीन. खरंच काय लागतं ते विचारलं तर यादी द्या : चादरी, मच्छरदाण्या, टॉर्च, रेझर, पॅड, वाचायचे चष्मे. चष्मा मिळाला की कित्येकांची पेपरची पाळी सुरू होते.

कोणी जायला निघालं की

काही जण घरी जातात, काही भाड्याने खोली घेतात, काहींना बागेत राहून काम मिळतं. घरच्यांना फोन त्या माणसाने हो म्हटल्यावरच करायचा. आणि उलट, बाहेरून फोन करून "आमची अमुक तिथे आहे का" असं कोणी विचारलं तर आहे-नाही काहीच सांगायचं नाही, नंबर घ्यायचा, तिला विचारायचं, मग ती ठरवेल. निघताना मूळ कागद, औषधं निदान दोन आठवड्यांची, दवाखान्याचा केसपेपर आणि केंद्राचा नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. पेन्शन चालू असेल तर पत्ता बदलल्याचं तहसीलला कळवायला लागतं आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला लागतो, हे त्याला आणि ज्याच्याकडे चाललाय त्यालाही समजावून सांगा, कारण इथेच बहुतेकांचे पैसे थांबतात आणि मग माणूस परत रस्त्यावर. महिन्याभराने एक फोन करा. जमलं नाही म्हणून परत आला तर नव्याने चौकशी नको, जुन्याच नोंदीखाली तारीख टाका आणि जेवायला बसवा.